म्युनिक की बर्लिन? आधी मुलीची इयत्ता बघा

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही सध्या पुण्यात वाकडला राहतो. मिस्टरांना जर्मनीतून दोन ऑफर्स आल्यात. एक म्युनिकच्या मोठ्या जुन्या कंपनीची, वर्षाला ८२ हजार युरो, आणि दुसरी बर्लिनमधल्या स्टार्टअपची, ७४ हजार. मुलगी आत्ता तिसरी संपवून चौथीत जाईल, मुलगा तीन वर्षांचा आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे आणि मला तिकडेही जॉब करायचाच आहे. घरचे सगळे म्हणतात म्युनिकच घ्या, पगार जास्त, शहर स्वच्छ, सेफ. दोन आठवड्यांत उत्तर द्यायचंय, काय करू?

उत्तर: तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते मुलगी चौथीत जाणार आहे हे, आणि ते तू अगदी जाता जाता लिहिलंयस. मी तुमच्या जागी असते तर त्या एका गोष्टीवरून बर्लिन निवडलं असतं, पगार कमी असूनही. का ते सांगते.

जर्मनीत शाळा केंद्र सरकारची नाही, प्रत्येक राज्याची वेगळी. म्युनिक बव्हेरियात येतं आणि तिथे प्राथमिक शाळा फक्त चौथीपर्यंत. चौथीत मे महिन्याच्या सुरुवातीला एक सर्टिफिकेट हातात पडतं, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते आणि ती २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तरच थेट गिम्नाझिउमला, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीकडे सरळ जाणाऱ्या शाळेला प्रवेश. लक्षात घे, इथे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ६ म्हणजे नापास, त्यामुळे २.३३ ही सोपी गोष्ट नाही. रेआलशूलंसाठी, म्हणजे मधल्या पातळीच्या शाळेसाठी, २.६६ लागते आणि बाकीची मुलं मिटेलशूलंला, म्हणजे जास्त करून हाताच्या कामधंद्याकडे नेणाऱ्या शाळेला जातात. आता विचार कर, तुमची मुलगी सप्टेंबरमध्ये जर्मनचा एक शब्द न येता चौथीच्या वर्गात बसणार आणि पुढच्या मे मध्ये हा निकाल. उशिरा आलेल्या परदेशी मुलांना सरासरीत थोडी सवलत मिळू शकते, एंट्रन्ससारखी परीक्षा द्यायचीही सोय आहे, आणि रेआलशूलंवरून पुढे युनिव्हर्सिटीपर्यंत जायचे रस्तेही आहेत, सगळं संपलं असं अजिबात नाही. पण ते वर्ष घराला फार जड जातं. आमच्या ओळखीतल्या एका घरात मी हे जवळून बघितलंय, आई संध्याकाळी ऑफिसमधून येऊन मुलीबरोबर बव्हेरियाचे सात प्रशासकीय विभाग पाठ करतेय, पाण्याच्या चक्राची आकृती जर्मन शब्दांत लिहून घेतेय, आणि मुलीला गणित येतंय पण उदाहरणात काय विचारलंय तेच कळत नाहीये म्हणून ती रडतेय. मुलगी हुशार होती हो, भाषाच नव्हती फक्त.

बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. म्हणजे तुमच्या मुलीला चौथी, पाचवी, सहावी अशी तीन वर्षं मिळतात. नवीन आलेल्या मुलांसाठी तिथे विलकॉमेन्सक्लासं असतात, तिथे आधी जर्मन शिकवतात आणि मग नेहमीच्या वर्गात नेतात. (बव्हेरियातही असे वर्ग आहेत, फक्त वेळ कमी पडतो.) गिम्नाझिउमचे नियम आता बर्लिनलाही कडक झालेत, पण नऊ वर्षांच्या मुलाला तीन वर्षांत भाषा येतेच, ही मी इतक्या घरांत बघितलेली गोष्ट आहे. शिवाय बर्लिनमध्ये जर्मन-इंग्लिश शिकवणाऱ्या सरकारी शाळा आहेत, नेल्सन मंडेला स्कूल, जॉन एफ केनेडी स्कूल वगैरे. प्रवेश अवघड असतो, पण अर्ज करायला पैसे लागत नाहीत, करून ठेवा. म्युनिकला इंग्लिशमधून शिकवायचं तर बहुतेक प्रायव्हेट इंटरनॅशनल स्कूल, आणि त्याची फी दोन मुलांची मिळून तुमचा पगार खाऊन टाकेल.

आता पगार. ८ हजारांचा फरक मोठा वाटतो पण टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स सगळं कापून हातात त्यातले साधारण निम्मे किंवा थोडे जास्त उरतात, महिन्याला म्हणशील तर ३५० ते ४०० युरो. म्युनिक भाड्याच्या बाबतीत जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर आहे, त्यामुळे हा फरक तिथल्या घरभाड्यातच जातो. बर्लिनही आता स्वस्त राहिलेलं नाही, घर शोधायला महिने जातात, एकेका फ्लॅटला पन्नासजण लाइनीत. पण बर्लिनमध्ये डे-केअरला, ज्याला तिथे किटा म्हणतात, २०१८ पासून फी नाही, जेवणाचे महिन्याला २३ युरो फक्त, आणि पहिली ते सहावीच्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण फुकट, लोकल प्रवासाचं तिकीटही शाळेच्या मुलांना फुकट. म्युनिकमध्ये किटा कोणाची आहे त्यावर फी ठरते, मूल तीन वर्षांचं होतं त्या वर्षीपासून राज्य सरकार महिन्याला १०० युरो देतं, पण फी त्याहून जास्त असेल तर बाकीचं तुमचं. जाहिरातीत भाडं वाचताना काल्टमीटं म्हणजे नुसतं भाडं, हीटिंग आणि सोसायटीचा खर्च वेगळा, आणि तीन खोल्यांचं घर म्हणजे आपला २ बीएचके. किचनबद्दल स्पष्ट विचारून घ्या, कारण बऱ्याच घरांत किचन नसतंच, म्हणजे खोली असते पण सिंक, शेगडी, कपाटं काहीच नाही, भिंतीतून पाइप बाहेर आलेले, ते सगळं आपण आणायचं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकं, त्यापुढे कोणी मागितलं तर ते नियमात बसत नाही.

तुझ्या जॉबचं. मिस्टर ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, जाणार असतील तर तुला आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि पोचल्यावर लगेच कुठेही नोकरी करायला परवानगी असते. बर्लिनमध्ये इंग्लिशमध्ये चालणाऱ्या टीम्स जास्त आहेत, टेस्टिंगवाल्यांना तिथे संधी बऱ्या. म्युनिकला मोठ्या कंपन्यांमध्ये जर्मन बी१, बी२, म्हणजे मधल्या पातळीपर्यंतचं, मागतात. दोन पगार आले की ७४ आणि ८२ चा वाद आपोआप संपतो.

पण बर्लिनच्या ऑफरमध्ये एक खरा धोका आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. स्टार्टअपला पैसे संपले की लोकांना काढतात. पहिले सहा महिने प्रोबेशन, तेव्हा दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, आणि बेकारभत्ता मिळायला आधी साधारण वर्षभर तरी त्याच्या विम्याचे पैसे भरलेले लागतात. म्हणजे पहिल्याच वर्षी गडबड झाली तर हातात काही नाही. म्हणून मिस्टरांना कंपनीला सरळ विचारायला सांग, किती महिन्यांचे पैसे शिल्लक आहेत, शेवटचं फंडिंग कधी मिळालं, गेल्या वर्षी किती जणांना काढलं. ह्या प्रश्नांची उत्तरं टाळली तर मग बर्लिन नको, मी माझंच म्हणणं मागे घेईन. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच निघा.

घरचे म्हणतात ते म्युनिकचं कौतुक खोटं नाही. आल्प्स तासाभरावर, हवा चांगली, ऊन बर्लिनपेक्षा जास्त, आणि सुट्ट्याही जास्त, बव्हेरियात वर्षाला १३ सार्वजनिक सुट्ट्या तर बर्लिनला १०. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, आंबे खायला जायला ती अगदी नेमकी. मराठी मंडळी, गणपती, दिवाळी दोन्हीकडे जोरात, त्याची काळजी करू नकोस. शाळा मात्र दोन्हीकडे सक्तीची, मधेच चुलतभावाच्या लग्नाला मुलीला आठवडाभर न्यायचं तर शाळेची परवानगी लागते, नाहीतर दंड होतो, बव्हेरियात तर विमानतळावर पोलिसांनी चौकशी केल्याचं पेपरमध्ये आलेलं आहे. सासू-सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

मुलगी आत्ता पहिलीत किंवा बालवाडीत असती तर मी डोळे झाकून म्युनिक म्हटलं असतं, आणि मुलगा एकटाच असता तरी म्युनिक. तीन वर्षांचं मूल किटामध्ये सहा महिन्यांत जर्मन बोलायला लागतं, त्याला कुठलंच शहर अवघड नाही.

तरी म्युनिकच घ्यायचं ठरलं, समजा बर्लिनच्या कंपनीची उत्तरं पटली नाहीत, तर तिथल्या शाळेत गेल्या गेल्या विनंती करा की मुलीला तिसरीतच बसवा. वय मागेपुढे असलं तरी एक वर्ष मागे बसवायला शाळा बरेचदा तयार होतात, आणि ते एक वर्ष तिच्यासाठी सोन्यासारखं आहे. त्यात तिला कमीपणा वाटणार नाही, तिथल्या मुलांना कोणाचं वय किती याचं काही पडलेलं नसतं. आणि कुठेही गेलात तरी जर्मन आजपासून लावा, पुण्यात जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, खाजगी क्लासेस तर गल्लोगल्ली आहेत, तू आणि मुलगी एकत्रच बसा. सुरुवातीला जे घर घ्याल त्यात आनमेल्डुंग, म्हणजे पत्ता नोंदवणं, करता येईल ना हे आधी लेखी घ्या, कारण त्याशिवाय टॅक्स नंबर येत नाही, बँकेत अडतं आणि मुलीची शाळाही लांबते.