धर्मस्वातंत्र्य मूलभूत हक्क आहे, तर भोंग्याला परवानगी का लागते? आणि शाळेतल्या प्रार्थनेला नकार देता येतो का?

दोन्हींचं मूळ संविधानाच्या कलम २५ मध्ये आहे, पण ते कलम बहुतेक जण अर्ध्यातून वाचायला घेतात. त्याची सुरुवातच मर्यादांनी होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदी. यांच्या अधीन राहून सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क ‘सर्व व्यक्तींना’ आहे. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे परदेशी माणसालाही तो मिळतो. सद्सद्विवेकबुद्धीत काहीच न मानणंही येतं, म्हणून नास्तिकालाही.

आधी भोंगा. प्रार्थना करणं हा हक्क, ती शेजाऱ्याच्या कानात घालणं हा नव्हे. २००० साली चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: इतरांची शांतता मोडून किंवा ध्वनिवर्धक लावूनच प्रार्थना करा, असं कुठलाही धर्म सांगत नाही. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगीशिवाय ध्वनिवर्धक लावता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर पूर्ण बंदी. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. तक्रारीत फक्त ‘त्रास होतो’ एवढंच लिहिलं की ती फाइलमध्ये पडून राहते. तारीख, वेळ, ठिकाण आणि ‘परवानगीची प्रत दाखवावी’ ही मागणी लिहा. भोंगा देवळाचा, मशिदीचा की चर्चचा, याने नियम बदलत नाही. तक्रारीतही तो मुद्दा आणू नका. आणलात की तक्रार आवाजाची न राहता भलतीकडेच जाते.

शाळेचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. इथे कलम २८ पाहायचं. शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालत असेल तर तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही (एखाद्या न्यासाच्या अटीने धार्मिक शिक्षण बंधनकारक असलेली, सरकार फक्त चालवत असलेली संस्था हा अपवाद). शाळा अनुदानित किंवा नुसती शासनमान्य असेल तर धार्मिक शिक्षण देता येतं, पण विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याला त्यात किंवा तिथल्या उपासनेत बसवता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकांची. ‘आमची शाळा खाजगी आहे’ हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही. मान्यता सरकारची असली की हे बंधन आलंच. मात्र विविध धर्मांची माहिती अभ्यासक्रमात असणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

नकार द्यायचा तर तो तोंडी देऊ नका. मुख्याध्यापकांना कलम २८(३) चा उल्लेख करून अर्ज द्या आणि पोच घ्या. उपयोग झाला नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे, त्यानंतर कलम २२६ खाली उच्च न्यायालयात.

शाळा परिपत्रक दाखवेल. तेव्हा विचारायचं, हे कोणत्या कायद्याखाली काढलंय? केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. मुलं आदराने उभी राहत होती, फक्त गात नव्हती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, कारण गायलाच हवं असं सांगणारा कायदाच नव्हता आणि खात्याच्या परिपत्रकाला कायद्याचा आधार नव्हता. मुलांची श्रद्धा बरोबर की चूक, यात न्यायालय शिरलं नाही. ती खरी आहे का, एवढंच पाहिलं.

एखादी प्रथा सरकारने अडवली की मात्र ‘ती धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का’ हा प्रश्न येतो. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून ही कसोटी चालत आली. मला ती पटत नाही, कारण धर्मग्रंथांचा अर्थ लावायचं काम न्यायाधीशांवर येतं. पण ती कसोटी लागू आहे तोपर्यंत याचिकेत ग्रंथाधार आणि प्रथा किती जुनी आहे याचे पुरावे द्यावेच लागतात. नुसती ‘आमच्या भावना’ असं लिहिलेली याचिका इथेच अडखळते. शिवाय देवस्थानचा पैसा, जमीन, नोकरभरती यांचं नियमन कलम २५(२) खाली सरकार करू शकतं, तिथे ही कसोटी लावून फारसं काही हाती लागत नाही.

अडवणारी तुमची गृहनिर्माण सोसायटी किंवा खाजगी कंपनी असेल तर कलम २५ ची थेट रिट (मूलभूत हक्कासाठी न्यायालयात केलेली याचिका) सहसा टिकत नाही, कारण हे हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहेत. सोसायटीविरुद्ध उपविधी (सोसायटीचे स्वतःचे नियम), सहकार खात्याचे उपनिबंधक आणि सहकार न्यायालय हा रस्ता. आणि जातपंचायतीने किंवा समाजाने वाळीत टाकलं असेल, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथे तक्रार थेट पोलिसांकडे किंवा दंडाधिकाऱ्यांकडे करता येते.