‘थर’ आणि ‘पापुद्रा’ यांत नेमका फरक काय?

थर म्हणजे एकावर एक साचलेला किंवा चढवलेला स्तर. त्याला जाडीचं बंधन नाही. काचेवरच्या धुळीचाही थर आणि जमिनीपासून साधारण 15 ते 35 किमी उंचीवरच्या ओझोनचाही थरच. पापुद्रा मात्र नेहमी पातळच असतो, आणि मुख्य म्हणजे तो सुटा होतो किंवा होऊ शकतो. अभ्रकाचे पापुद्रे निघतात, कारण त्याच्या स्फटिकातल्या पातळ्यांमधले बंध कमकुवत असतात.

भिंतीचा रंग घ्या. लावताना तो थर असतो. सुकल्यावर एका हाताची, म्हणजे एकदा लावलेल्या रंगाची, जाडी साधारण 25 ते 40 मायक्रॉन. प्लास्टरमध्ये ओल राहिली की रंगाची पकड सुटते आणि त्याच थराचे पापुद्रे होतात. म्हणून ‘रंगाचे दोन पापुद्रे द्या’ चूक. (कारागीर तर ‘दोन हात’ म्हणतो.)

क्रियापदंही वेगळी: थर बसतो, साचतो, चढतो, पापुद्रा सुटतो, निघतो, सोलला जातो. अनेकवचनात ‘थर’ तसाच राहतो, ‘पापुद्रा’चं ‘पापुद्रे’ होतं आणि प्रत्यय लागताना ‘पापुद्र्याचा’. ‘थरथर’चा यातल्या थराशी अर्थाने काही संबंध नाही.