ती ओळ खोडू नकोस

प्रिय बाळा,

तुझ्या नगरपालिका निवडणुकीच्या जाहीरनाम्यातली एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी वगैरे माणसांच्या, समानतेची ओळ ठेवू की काढू, असं विचारलंस. बरोबरची मंडळी म्हणतात, मतं जातील. जातील थोडी. तरी ठेव.

दहा वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्या निवडणुकीत, मी अशीच ओळ खोडली होती. छापखान्यात प्रूफ वाचत उभी होते. शेजारी आमचा एक कार्यकर्ता होता, महिनाभर माझ्यासाठी दारोदार फिरलेला पोरगा. ओळ त्यानेच लिहिली होती. कुणीतरी म्हणालं, "ताई, हे आत्ता कशाला?" आणि मी पेन्सिल फिरवली. तो काही बोलला नाही. पत्रकांचे गठ्ठे त्यानेच रिक्षात भरले. निकालाच्या दिवशी गुलाल उधळायला मात्र आला नाही. मी निवडून आले, पण पेन्सिलीची ती रेघ अजून सलते.

"आपल्याकडचे लोक हे मान्य करणार नाहीत" असं कुणी म्हणालं तर भादलीची गोष्ट सांग. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी, म्हणून छाननीत तो बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. आपली लिंगओळख आपणच ठरवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या 'नालसा' खटल्याच्या निकालात सांगितलेलंच होतं. जानेवारी २०२१ मध्ये खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून लढू दिलं आणि त्या निवडून आल्या. त्याआधी २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने माऊली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं होतं. अंजलीताईंना अडवलं ते छाननीच्या टेबलावर, मतदारांनी नव्हे. हे नीट लक्षात घे.

हातात नाही त्याचं वचन देऊ नकोस. समलिंगी विवाहाचा कायदा करणं संसदेचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हटलं. तुझा पाठिंबा जरूर सांग, पण नगरपालिका ते देऊ शकत नाही हेही सांग. पालिकेच्या शाळेत रोज चिडवलं जाणारं पोर, दवाखान्यात केसपेपर काढताना होणारी टिंगल, ही तुझी कामं. तृतीयपंथीयांच्या ओळखपत्राचंही तसंच. त्यांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकारी देतात, अर्ज ऑनलाइन करता येतो. पण घरातून हाकललेल्या माणसाला कागद जमवताना सोबत लागते. ती सोबत तू कर.

आणि तृतीयपंथी म्हटलं की सगळे आले, असं समजू नकोस. समलिंगी मुलंमुली तुझ्याच आळीत आहेत. ती सभेत हात वर करणार नाहीत, पण तू काय बोलतोस ते कान देऊन ऐकतील.

कोपरासभेत कुणीतरी विचारेलच, "तुमच्या घरात आहे का असं कुणी?" "छे हो, तसलं काही नाही" असं चटकन तोंडातून जाऊ देऊ नकोस. ऐकणाऱ्या पोराला ते "तसलं" लागतं. "असेल तर तेही माझंच माणूस" एवढं म्हण आणि पुढे पाण्यावर बोल.

छपाईआधी प्रूफ बसस्टँडमागच्या तृतीयपंथीयांच्या डेऱ्यावर घेऊन जा, वाचून दाखव. त्या जे बदला म्हणतील ते बदल.

शनिवारच्या सभेला मी येतेय. छापखान्यातला तो पोरगाही येणार आहे. गेल्या वर्षी त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तुझी पत्रकं वाटायची आहेत म्हणतो, पण आधी ती ओळ बघणार आहे.

तुझी,
मावशी