सून नेपाळची, कागदपत्रं कोणती?

प्रश्न : मी भांडुपला राहतो, लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. गेल्या फेब्रुवारीत, २०२५ साली, माझं लग्न नेपाळमध्ये धनगढीला झालं. बायको ओळखीतलीच. तिचे वडील आमच्या सोसायटीत वॉचमन होते. तिचा जन्म २००१ चा, मुंबईतल्याच पालिका रुग्णालयातला. सातवीपर्यंत ती इथल्या पालिकेच्या मराठी शाळेत शिकली, मग कुटुंब गावी परतलं आणि तिथे तिने नेपाळची नागरिकता, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, काढला. २०२२ आणि २०२३ ही दोन पूर्ण वर्षं ती मुलुंडला आत्याकडे राहून पार्लरमध्ये कामाला होती. येत्या जानेवारीत तिला कायमचं घेऊन येतोय. माझ्या मामेभावाने कॅनडात बायकोला स्पॉन्सर केलं. तसा अर्ज मी कुठे करायचा? एक एजंट म्हणतो, जन्मदाखला मुंबईचा आहे, तर महिन्याभरात मतदार कार्ड आणि पासपोर्ट काढून देतो. आईचंही मत आहे की पैसे जाऊदेत, पण पुढे बाळ झालं की कटकट नको. शिवाय नव्या घराच्या करारात तिचं नाव घालायचं आहे.
– वि. सा., भांडुप

उत्तर : आधी एजंटचं बघू, कारण तेवढं एक काम तुमच्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मुंबईत जन्म झाला म्हणून तुमची पत्नी भारतीय नागरिक होत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ चा आहे आणि जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे नियम त्यात दोनदा बदलले. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेल्याला आईवडील कोण हे सहसा विचारलं जात नाही. त्या तारखेपासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक जण भारतीय असावा लागतो. तुमची पत्नी २००१ ची, आणि आईवडील दोघंही नेपाळी. पालिकेचा दाखला जन्म कुठे झाला एवढंच सांगतो. त्याच्या आधारावर ‘मी भारतीय’ असं लिहून दिलं तर ते खोटं निवेदन ठरतं. मतदार यादीसाठी असं निवेदन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पासपोर्टचं त्याहून गंभीर आहे. नागरिक नसताना राष्ट्रीयत्व लपवून पासपोर्ट मागितला तर पासपोर्ट कायद्यात किमान एक आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. आणि ती एजंटला होईल न होईल, अर्जावर सही तुमच्या पत्नीची असते.

माझ्याकडे अशी कुटुंबं येतात, बहुतेक वेळा उशिरा. सून इथे पंधरा-पंधरा वर्षं नांदलेली, मुलं शाळेत, सगळं सरळ. मग नागरिकत्वाचा खरा अर्ज करायची वेळ येते आणि कपाटातून कुणीतरी काढून दिलेलं मतदार कार्ड निघतं. ज्या बाईला कायद्याने सगळं मिळणारच होतं, तिला त्या कार्डाचा खुलासा पोलिसांसमोर करत बसावं लागतं. हे बघून मला फार वाईट वाटतं, कारण नेपाळच्या मुलीला खोटं काही करायची गरजच नसते.

आता स्पॉन्सरचं. असा अर्ज तुम्हाला करायचाच नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची, कामधंदा करायची, ये-जा करायची मोकळीक दिली आहे. नेपाळचा नागरिक जमिनीवरून किंवा नेपाळहून विमानाने आला तर त्याला व्हिसा लागत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला, त्यातही ही सूट कायम आहे. त्यामुळे तिला पार्लरमध्ये काम करायलाही वेगळा परवाना नको. कॅनडात तुमच्या मामेभावाला कुटुंबाची हमी घ्यावी लागली, तसलं इथे काही नाही. धनगढीजवळच्या गौरीफंट्याच्या सीमा नाक्यावरून येणार असाल तर नाक्यावर सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र बघतील. तिची नागरिकता जवळ असू द्या, झेरॉक्स नको, मूळ कागद.

पण याच मोकळिकीत एक अडचण आहे आणि ती कुणी सांगत नाही. व्हिसा नाही म्हणजे पासपोर्टवर शिक्का नाही, आणि शिक्का नाही म्हणजे ती भारतात कधी आली आणि किती वर्षं राहिली याची सरकारी नोंद आपोआप होत नाही. नागरिकत्वासाठी मात्र नेमकं तेच सिद्ध करावं लागतं.

भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. हिशेब असा करतात : अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात, आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. वास्तव्य लग्नानंतरचंच हवं अशी अट नाही. म्हणून तिची २०२२ आणि २०२३ ही वर्षं वाया गेलेली नाहीत. ती जानेवारी २०२६ च्या पहिल्या तारखेलाच आली आणि इथेच राहिली, तर जानेवारी २०३१ मध्ये मागे वळून बघा : २०३० हे सलग वर्ष, त्याआधीच्या आठ वर्षांत, म्हणजे २०२२ ते २०२९ मध्ये, सुरुवातीची दोन आणि नंतरची चार, मिळून सहा. म्हणजे २०३३ पर्यंत थांबायची गरज नाही, दोन वर्षं वाचतात. मात्र ही गणती काठावरची आहे. मधल्या काळात ती दोन महिने माहेरी राहिली तर ही बचत जाईल आणि अर्ज २०३३ वर जाईल, कारण अर्ज जितका पुढे ढकलाल तितके २०२२-२३ चे दिवस मोजणीतून गळतात. शेवटच्या बारा महिन्यांतल्या खंडाला सरकार फार तर तीस दिवसांची सवलत देऊ शकतं, तेही विशेष कारण असेल तर. शाळेची वर्षं मात्र मोजता येणार नाहीत, ती या आठ वर्षांच्या मोजणीच्या फार मागे राहिली.

तेव्हा मुलुंडच्या त्या दोन वर्षांचे पुरावे आजच गोळा करा. पार्लरचा पगार बँकेत येत असेल तर पासबुक, आत्याच्या भाडेकरारात तिचं नाव असेल तर तो करार, पोलिसांकडे केलेली भाडेकरू नोंद, दवाखान्याचे केसपेपर. पार्लरच्या मालकीणबाई अजून तिथेच असतील तर त्यांच्याकडून कामाच्या तारखांचं पत्र घ्या. पाच वर्षांनी ते दुकान असेल की नाही कोण जाणे. आणि जानेवारीनंतर दर वर्षाचे दोन-तीन कागद एका फाइलमध्ये लावत जा.

सहा महिने इथे राहिली की, नेमकं सांगायचं तर मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस, तिला रहिवासी म्हणून आधार काढता येतं. नेपाळी नागरिकांना ते दहा वर्षांच्या मुदतीचं मिळतं आणि नागरिकता प्रमाणपत्र त्यासाठीच्या कागदांत चालतं, पण ते एकटंच पुरेल असं धरू नका. शाळेत असताना तिचं आधार काढलं होतं का, ते आधी तपासा; असेल तर दुसरं काढू नका. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, त्यामुळे ते काढण्यात लपवाछपवी काहीच नाही.

नावाबद्दल मी थोडी हट्टी आहे. आपल्याकडे लग्न झालं की मुलीच्या नावामागे नवऱ्याचं नाव आणि त्याचं आडनाव लगेच लागतं. तिच्या नागरिकतेवर तिचं स्वतःचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे. नागरिकत्व मिळेपर्यंत प्रत्येक कागदावर तेच नाव, त्याच स्पेलिंगने राहू द्या. घरी तुम्ही काय हाक मारता ते तुमचं तुम्ही बघा. तारखांचंही तसंच. नेपाळी कागदांवर विक्रम संवत असतो. तुमचं लग्न तिकडच्या नोंदीत २०८१ सालचं आहे. भाषांतर करून घेताना जन्माची आणि लग्नाची इंग्रजी तारीख दिवसासकट बरोबर आहे ना, हे दोघांनी बसून बघा. जन्मतारखेत तर तुमच्याकडे पालिकेचा दाखलाही आहे, दोन्हींत एका दिवसाचाही फरक नको.

लग्नाची नोंद धनगढीच्या वडा कार्यालयात, म्हणजे तिकडच्या वॉर्ड ऑफिसात, केली असेलच. नसेल तर आधी ती करा. मग इथे विशेष विवाह कायदा, १९५४ खाली, झालेल्या लग्नाची नोंदणी करून घ्या. अर्जाआधी दोघांचं तीस दिवस त्याच जिल्ह्यात वास्तव्य हवं, दोघंही एकवीस पूर्ण हवेत, आणि नोटिशीचे तीस दिवस थांबावं लागतं. नागरिकत्वाच्या अर्जाला हा दाखला लागेलच. या नोंदणीला दोन वर्षं झाली की ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा मार्गही कायद्याने तिला खुला होतो, पण त्यासाठी तिला नेपाळचा पासपोर्ट काढावा लागेल.

आईंना सांगा, बाळाची काळजी सोडा. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील यांपैकी एक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल, तर मूल जन्मतः भारतीय. तुमची पत्नी कायदेशीर मार्गानेच येते आहे. बाळाच्या जन्मनोंदणीत आईचं राष्ट्रीयत्व विचारलं तर ‘नेपाळी’ असंच लिहा, बाळाचं काही बिघडत नाही. उलट तिच्या नावाने खोटं मतदार कार्ड निघालं, तर उद्या बाळाच्या पासपोर्टच्या वेळी तेच कुणाच्या तरी डोळ्यांत भरेल.

घराच्या करारात मात्र तिचं नाव आत्ता घालू नका. परकीय चलनाच्या नियमांत नेपाळच्या नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय भारतात स्थावर मालमत्ता घेता येत नाही, पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा सोडून. ही अट तो भारतात राहत असला तरी लागू आहे. घर तुमच्या नावावर घ्या आणि मृत्युपत्र करा. नवीन बायको आली म्हणून मृत्युपत्र कसलं, असं घरात कुणी म्हणेल. तुमच्या पश्चात तिला दारोदार फिरावं लागू नये, एवढ्यासाठी ते करायचं.

शेवटचा टप्पा : नागरिकत्वाचा अर्ज ऑनलाइन भरून उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे, वांद्रे पूर्वेला जातो. तिथून चौकशी, राज्य सरकार आणि मग केंद्रीय गृह मंत्रालय. मंत्रालयाचं स्वीकृतीचं पत्र हातात येईपर्यंत नेपाळची नागरिकता सोडू नका, नाहीतर ती मधल्या काळात कुठल्याच देशाची राहणार नाही. पत्र आल्यावर तिच्या जिल्हा प्रशासन कार्यालयात जाऊन ती सोडायची. त्याआधी तिच्याशी शांतपणे बोला. नेपाळ अनिवासी नेपाळींना एक वेगळं नागरिकत्व देतं, पण सार्क देशांत राहणाऱ्यांना ते मिळत नाही. म्हणजे भारतीय झाल्यावर परतीची ती वाट तिला नाही, आणि परदेशी म्हणून तिकडे जमीन घ्यायला तिथल्या सरकारची परवानगी लागेल. माहेरच्या जमिनीत तिचा वाटा असेल तर तो प्रश्न आधी तिकडच्या वकिलाला विचारा. तिने कधीच नागरिकत्व बदललं नाही तरी ती आयुष्यभर तुमच्याबरोबर इथे राहू शकते. निर्णय तिचा आहे.

प्रश्न : माझे पती श्रीलंकेचे, सध्या दोघंही दुबईत. मुंबईला परतायचं आहे. नवऱ्याला बायको ‘आणू’ शकते का? नातेवाईक म्हणतात, कायदा फक्त सुनेसाठी आहे.
– मा. दे., दादर

उत्तर : नातेवाईकांना चुकीची माहिती आहे. भारतीय कायद्यात ‘भारतीय नागरिकाशी विवाहित व्यक्ती’ असे शब्द आहेत, त्यात पती-पत्नी भेद नाही. असा भेद शेजारी नेपाळमध्ये आहे : तिथे परदेशी सुनेला लग्नाच्या आधारे नागरिकत्व मागता येतं, परदेशी जावयाला नाही. आपल्याकडे तसं नाही, हे ठामपणे सांगा.

पतींना व्हिसा मात्र लागेल. तुमच्याशी झालेल्या लग्नाच्या आधारे दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत एंट्री व्हिसा घ्या. टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे बदलू, असा बेत नको. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची. ती आता ऑनलाइन होते. मुंबईचं कार्यालय सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे, बोलावलं तरच जावं लागतं.

लग्न नोंदणीकृत असून सलग दोन वर्षं टिकलं असेल तर ते ओसीआय कार्ड मागू शकतात. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ते मिळत नाही, श्रीलंकेच्या मिळतं. भारतात अर्ज केला तर शुल्क १५,००० रुपये. मग आयुष्यभर व्हिसाची आणि नोंदणीची चिंता नाही, पण मतदान नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. हे कार्ड लग्नावर उभं आहे. घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. कार्डाला पाच वर्षं झाली आणि आधीचे बारा महिने इथे राहिले, तर नागरिकत्वाचा अर्जही करता येतो.

प्रश्न : मुलगा काठमांडूला नोकरीला, सून तिथलीच. तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं विमानाने जाणार. माझं वय ६१, यांचं ६८. आधार कार्ड चालेल ना?
– सु. क., लालबाग

उत्तर : यांचं चालेल, तुमचं नाही. पंधरा ते पासष्ट वयाच्या भारतीयाला नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. पासष्टच्या वर आणि पंधराच्या खाली आधार चालतं. तुमचं मतदार ओळखपत्र काढून बघा. नाव आणि फोटो स्पष्ट असेल तर तेवढं पुरे.