वाचकांचे प्रश्न : तीन बडे खेळाडू एका संघाला परवडतात का?

प्रश्न : माझा मुलगा डेक्कन जिमखान्यावर बास्केटबॉलच्या सरावाला जातो आणि पहाटे उठून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने पाहतो. त्याच्याबरोबर मीही पाहू लागलो. एखादा संघ तीन अव्वल खेळाडू जमवतो, मोठा गाजावाजा होतो आणि दोन-तीन वर्षांत सगळे पांगतात, असे मला वारंवार दिसले. वेतनावर मर्यादा असताना हे खेळाडू एकत्र येतात कसे, आणि संघाला ते खरोखर परवडते का?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : जमवणे शक्य आहे आणि एखाद-दोन हंगाम ते परवडतेही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि ती समजण्यासाठी आधी नियम पाहावे लागतील.

एनबीएमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली ती १९८४-८५ च्या हंगामात, आणि तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे; डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ही रक्कम तेराशे कोटी रुपयांच्या वर जाते. मात्र या मर्यादेला पळवाटा आहेत आणि त्या नियमातच लिहिलेल्या आहेत. करार संपून मोकळा झालेला दुसऱ्या संघाचा खेळाडू मोठ्या पगारावर घ्यायचा असेल, तर तो मर्यादेत बसवावा लागतो. पण आपल्याकडे तीन हंगाम राहिलेल्या खेळाडूशी नवा करार करताना मर्यादा ओलांडण्याची मुभा असते, जिला बोस्टनचा खेळाडू लॅरी बर्ड याचे नाव मिळाले आहे. शिवाय मर्यादा आधीच ओलांडलेल्या संघालाही आपला एक खेळाडू देऊन साधारण तेवढ्याच पगाराचा दुसरा आणता येतो. त्यामुळे एक खेळाडू घरचा, एक मोकळ्या जागेत बसवलेला आणि एक अदलाबदलीतून आलेला, असे त्रिकूट उभे राहू शकते.

दुसरी मर्यादा एकेका खेळाडूच्या पगारावर आहे. ती १९९९ मध्ये आली. त्याआधी, १९९७-९८ च्या हंगामात, मायकेल जॉर्डनला एकट्याला ३ कोटी ३१ लाख डॉलर मिळाले, आणि त्या वर्षी संपूर्ण संघाची मर्यादा होती २ कोटी ६९ लाख! आता लीगमध्ये दहा वा अधिक हंगाम काढलेल्या खेळाडूचा करार जास्तीत जास्त संघाच्या मर्यादेच्या ३५ टक्क्यांपासून सुरू होऊ शकतो, सात ते नऊ हंगाम झालेल्याचा ३० टक्क्यांपासून आणि त्याहून नवख्याचा २५ टक्क्यांपासून, काही अपवाद सोडून. या नियमाने सर्वोत्तम खेळाडूंचा पगार त्यांच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी राहतो, आणि म्हणूनच तिघांना एकत्र आणण्याचा विचार तरी करता येतो. जॉर्डनच्या काळचा नियम आज असता, तर हा प्रश्न आपल्याला पडलाच नसता.

आता हिशेब मांडू. २०२५-२६ मध्ये ३५ टक्क्यांचे तीन खेळाडू घेतले तर १६ कोटी २४ लाख डॉलर लागतात, म्हणजे संपूर्ण मर्यादेपेक्षाही जास्त. संघात पंधरा जण लागतात असे धरून उरलेले बारा जण अनुभवी खेळाडूच्या किमान पगारावर, साधारण २३ लाख डॉलरवर घेतले, तर एकूण खर्च १९ कोटींच्या आसपास थांबतो. ज्या खर्चाच्या वर गेल्यास संघाला लीगकडे कर भरावा लागतो, ती रेषा त्या वर्षी १८ कोटी ७९ लाखांवर आहे. म्हणजे थोडासा कर भरून हा संघ कागदावर उभा राहतो. पण बारापैकी बारा जण किमान पगाराचे असतील, तर त्यांपैकी प्लेऑफमध्ये वीस-पंचवीस मिनिटे विश्वासाने खेळवता येतील असे किती निघतील, याची शंकाच आहे. आणि किमान पगारापेक्षा चांगला एकही खेळाडू आणला की खर्चाचा आकडा झपाट्याने वर सरकतो.

फीनिक्स सन्सचे नेमके हेच झाले. २०२४-२५ मध्ये केविन ड्युरँट, ब्रॅडली बील आणि डेव्हिन बुकर या तिघांच्या पगाराची बेरीज १५ कोटी डॉलरच्या थोडी वर होती आणि संघाची मर्यादा होती १४ कोटी ६ लाख. आधीच्या हंगामात ४९ सामने जिंकून हा संघ पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-० ने हरला होता. २०२४-२५ मध्ये त्याने ८२ पैकी ३६ सामने जिंकले आणि तो प्लेऑफपर्यंतही पोहोचला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्युरँटला ह्यूस्टनला दिले गेले. बीलच्या करारात त्याला त्याच्या संमतीविना दुसऱ्या संघाला न देण्याची अट होती. अखेर त्याला करारातून मोकळे करावे लागले, आणि त्यापोटी पाच वर्षे दरसाल सुमारे १ कोटी ९४ लाख डॉलर सन्सच्या खर्चात मोजले जाणार आहेत.

त्याच २०२४-२५ च्या हंगामात ओक्लाहोमा सिटी थंडरने ६८ सामने जिंकून विजेतेपद मिळवले. त्यांचे त्रिकूट होते शे गिल्जस-अलेक्झांडर, चेट होल्मग्रेन आणि जेलेन विल्यम्स. या तिघांचा मिळून पगार ५ कोटी १५ लाख डॉलर होता. तिकडे एकट्या ड्युरँटचा पगार ५ कोटी १२ लाख होता. होल्मग्रेन आणि विल्यम्स दोघेही २०२२ च्या ड्राफ्टमधले, म्हणजे संघ क्रमाने नवोदित खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतले, असल्यामुळे पहिल्या चार हंगामांच्या ठरावीक, स्वस्त करारावर खेळत होते. विल्यम्सचा पगार तर पन्नास लाख डॉलरच्याही आत होता. विल्यम्सला ड्राफ्टमधल्या ज्या निवडीच्या हक्कातून घेतले, तो हक्क आणि गिल्जस-अलेक्झांडर, दोन्ही २०१९ मध्ये पॉल जॉर्ज हा खेळाडू क्लिपर्स संघाला देताना मिळाले होते. एका नावाजलेल्या खेळाडूच्या बदल्यात दोन उद्याचे खेळाडू आले, आणि त्यासाठी थंडरने काही हंगाम हरण्याचीही तयारी ठेवली.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन संघांच्या फरकात आहे. बडा खेळाडू संघाला परवडतो तो त्याचा खेळ पगाराच्या पुढे गेलेला असतो त्या काळात, आणि हा काळ थोडा असतो. गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे पाहा. स्टेफन करीने २०१२ मध्ये घोट्याच्या दुखापतींच्या सावटाखाली चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. पुढे तो सलग दोन वर्षे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी २०१६-१७ मध्येही त्याचा पगार १ कोटी २१ लाखच होता. त्याच उन्हाळ्यात नव्या टीव्ही कराराचे पैसे आले आणि संघाची मर्यादा एका झटक्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करावी, हा लीगचा प्रस्ताव खेळाडूंच्या संघटनेने आधीच फेटाळला होता. वॉरियर्सनी या मोकळ्या जागेत ड्युरँटला बसवले आणि २०१७ व २०१८ ची विजेतेपदे जिंकली. करी, क्ले थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन हे तिघे त्यांनी ड्राफ्टमध्येच निवडले होते. ग्रीन तर पस्तिसाव्या क्रमांकावर मिळाला होता. यात हुशारी नव्हती असे नाही, पण दैवही तितकेच होते.

काळ संपला की पगार खेळाला गाठतो. करीचा २०१७ चा करार २० कोटी डॉलरच्या वर गेला. थंडरचेही तेच होणार आहे : होल्मग्रेन आणि विल्यम्स यांचे नवे करार २०२६-२७ पासून आणि गिल्जस-अलेक्झांडरचा चार वर्षांचा २८ कोटी ५० लाखांचा करार २०२७-२८ पासून सुरू होतो. हाच संघ २०१२ मध्ये याच वळणावर उभा होता. ड्युरँट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन तिघेही त्याने लागोपाठच्या ड्राफ्टमध्ये निवडलेले होते. पण हार्डनच्या नव्या कराराची रक्कम जुळली नाही आणि त्याला ह्यूस्टनला देण्यात आले. पुढे तिघेही वेगवेगळ्या वर्षी लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या कराराने या सगळ्यात आणखी एक अडसर घातला. पूर्वी श्रीमंत मालक कर भरून मोकळा होत असे. आता कराच्या रेषेच्या वर आणखी दोन रेषा आहेत, ज्यांना पहिला आणि दुसरा एप्रन म्हणतात. २०२५-२६ मध्ये दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाखांवर आहे. तो ओलांडला की दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, अदलाबदलीत रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची ड्राफ्टच्या पहिल्या फेरीची निवड गोठवली जाते, म्हणजे ती दुसऱ्या संघाला देता येत नाही. ही शिक्षा पैशाने फेडता येत नाही. २०२४ चे विजेते बोस्टन याच रेषेखाली येण्यासाठी वर्षभरात क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आणि ज्रू हॉलिडे या दोन महत्त्वाच्या खेळाडूंना सोडून बसले. त्यामागे जेसन टेटमची गंभीर दुखापतही होती, हे खरे; पण ती नसती तरी काहीतरी कापावेच लागले असते.

प्रश्न : आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स चार-पाच मोठे भारतीय खेळाडू सहज राखते. मग एनबीएमध्येच इतकी गुंतागुंत कशासाठी?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : आयपीएलची रक्कम पक्की असते. २०२५ च्या मोठ्या लिलावापूर्वी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते, आणि ती रक्कम कर भरून किंवा जुन्या खेळाडूच्या नावाखाली वाढवण्याची सोय नव्हती. मुंबईने बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा या पाच जणांवर त्यातले ७५ कोटी खर्च केले आणि उरलेला सगळा संघ ४५ कोटींत उभा केला. त्यामुळे सहज हा शब्द मला मान्य नाही.

शिवाय क्रिकेटमध्ये अकरा जण खेळतात. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच मैदानात असतात आणि उत्तम खेळाडू ४८ पैकी ३५ ते ४० मिनिटे खेळतो. एका खेळाडूचा निकालावर इतका प्रभाव असल्यामुळेच त्याच्यासाठी एवढी रक्कम मोजली जाते, आणि त्यांतला एक जखमी झाला की नुकसानही तेवढेच मोठे असते. ब्रुकलिनमध्ये ड्युरँट, कायरी अर्व्हिंग आणि हार्डन हे तिघे मिळून नियमित हंगामाचे अवघे १६ सामने खेळले, हे विसरू नये.

नावांवरून संघ ठरत नाही, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. २०१६ मध्ये आपल्या रायझिंग पुणे संघाकडे धोनी, रहाणे, अश्विन, स्टीव्ह स्मिथ आणि फाफ डू प्लेसी होते. तरी चौदापैकी पाच सामने जिंकून संघ सातव्या स्थानी राहिला. दुखापतींनी त्या वर्षी फार सतावले, हेही नमूद करायला हवे. पुढच्या वर्षी हाच संघ अंतिम सामना अवघ्या एका धावेने हरला.

प्रश्न : खेळाडूंनी स्वतःच थोडे कमी पैसे घेतले तर?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : तसे घडले आहे. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश यांनी मायामीत एकत्र येताना कमाल रकमेपेक्षा कमी पैसे घेतले, त्यामुळे युडोनिस हॅस्लेमसारखा उपयुक्त सहकारी संघात राहू शकला. चार वर्षांत चार अंतिम फेऱ्या आणि दोन विजेतेपदे मिळाली. डल्लासच्या डर्क नोव्हित्स्कीने २०१४ मध्ये तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलरच घेतले. अलीकडचे उदाहरण न्यूयॉर्कच्या जेलेन ब्रन्सनचे आहे : एक वर्ष थांबला असता तर त्याला पाच वर्षांचे सुमारे २७ कोटी मिळाले असते, पण त्याने २०२४ मध्येच चार वर्षांचे साडेपंधरा कोटींहून थोडे अधिक स्वीकारले.

तरीही ही खेळाडूकडून धरावयाची अपेक्षा नाही, असे मला वाटते. कारकीर्द दहा-पंधरा वर्षांची असते आणि संघाची विक्री झाली की वाढलेली किंमत मालकाला मिळते. बोस्टनचा संघ २०२५ मध्ये ६१० कोटी डॉलर एवढ्या मूल्यावर विकला गेला. आणि कमी पगाराची भरपाई मागच्या दाराने करता येत नाही. मिनेसोटाने जो स्मिथला पुढच्या मोठ्या कराराचे गुप्त आश्वासन दिल्याचे २००० मध्ये उघड झाले, तेव्हा करार रद्द झाला, ३५ लाख डॉलर दंड झाला आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या निवडीही काढून घेतल्या गेल्या.

प्रश्न : नव्या टीव्ही करारानंतर हे सगळे सोपे होईल का?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : नाही. २०२५-२६ पासूनचा करार अकरा वर्षांचा आणि सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा आहे. पण संघाची मर्यादा आता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही, त्यामुळे २०१६ सारखी एकदम मोकळी जागा पुन्हा मिळणार नाही. खेळाडूचा कमाल पगारही याच मर्यादेच्या टक्क्यांत ठरतो, म्हणून दोन्ही बरोबरीने वाढतात आणि तीन खेळाडूंचा वाटा आज आहे तेवढाच राहतो.