सोळा छोटे स्पीकर, एक उभा खांब

वाचकांचे आवाजाविषयीचे प्रश्न. उत्तरं देतायत सोलापुरात स्पीकरचे कोन-कॉइल बदलण्यात हयात घालवलेले आमचे काका.

प्रश्न : काका, पूर्व भागात आमचं भजनी मंडळ आहे. देवळाचा सभामंडप ४० बाय २५ फूट, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. बारा इंची स्पीकरचे दोन डबे आहेत. पुढच्या बायका कानावर हात ठेवतात, मागच्यांना शब्द कळत नाहीत, नुसता घुमतो आवाज. लाइन ॲरे, म्हणजे एकावर एक लावलेल्या स्पीकरचा उभा खांब, लावला की पुढे-मागे सारखंच ऐकू येतं म्हणे. वीस हजारांत घरी बनेल का? दोन चॅनेलचं मशीन (ॲम्प्लिफायर) आमच्याकडे आहेच.

उत्तर : बनेल. ‘सारखंच’ मात्र नाही, ‘बऱ्यापैकी सारखं’ म्हणा.

आधी तुमचा रोग बघू. तुमचे डबे आवाज चहूकडे फेकतात. माणसांवर पडतो तो थोडा, पत्र्यावर आणि फरशीवर आपटून परत येतो तो जास्त. मागे बसलेल्याला एकच शब्द चार वेळा पोचतो. मग तिथे मराठी अभंग म्हणा नाहीतर तेलुगू भजन म्हणा, ऐकणाऱ्याला फरक कळायचा नाही. अशा वेळी मंडळं मोठं मशीन आणतात आणि रोग वाढवतात. उभा खांब का घ्यायचा, तर तो वर-खाली आवाज कमी फेकतो. पत्र्याकडे गेलाच नाही तर परत कुठून येणार?

दुसरा फायदा अंतराचा. साध्या डब्याचा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने पडतो. उभ्या रांगेचा ३ ने. जाहिरातवाले इथेच थांबतात. हे गणित ठरावीक अंतरापर्यंतच चालतं, आणि ते अंतर खांबाच्या उंचीवर आणि सुरावर ठरतं. मी खाली सांगतोय तो खांब १.३६ मीटरचा आहे. ४ किलोहर्ट्झला, म्हणजे व्यंजनं स्पष्ट कळतात त्या पट्ट्यात, तो साधारण १०-११ मीटरपर्यंत ही कामगिरी करतो. १ किलोहर्ट्झला पावणेतीन मीटरपर्यंत, आणि ५०० हर्ट्झला जेमतेम सव्वा-दीड मीटर, पुढे तो साध्या डब्यासारखाच. तुमचा मंडप १२ मीटरचा आहे, म्हणजे शब्दांपुरतं तुमचं काम भागतं.

आता करायचं काय? एका खांबाला ३ इंची, ८ ओहमचे फुलरेंज (जाड-बारीक सगळे सूर एकटाच वाजवणारे) स्पीकर १६, दोन्ही मिळून ३२. सगळे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, जमलं तर एकाच खोक्यातले. तीनशेच्या आतबाहेर मिळाले तर निम्मे पैसे इथेच जातात, आणि जाऊ द्यात. उरलेल्यात प्लाय, सुतार, वायर, जाळी. टीव्हीतून काढलेले मिश्र स्पीकर भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. रांगेतले भाऊ वेगवेगळ्या आवाजात बोलले तर रांग कसली?

स्पीकर एकमेकांना चिकटून बसवायचे, मध्यापासून मध्यापर्यंत साडेआठ सेंटीमीटर. सुतार म्हणेल, दिसायला बरं म्हणून बोटभर जागा सोडू. सोडू देऊ नका. हे अंतर आवाजाच्या एका लाटेच्या लांबीपेक्षा मोठं झालं की मुख्य झोताशिवाय वर-खाली दुसरे झोत फुटतात. साडेआठला ही हद्द ४ किलोहर्ट्झच्या आसपास येते. ८ किलोहर्ट्झला तर वर आणि खाली ३० अंशांवर झोत निघतात, म्हणजे थोडी झांज पत्र्यावर जाणारच. अंतर वाढवलंत की शब्दही त्याच वाटेने जातील.

१८ मिमीच्या एका ८ बाय ४ प्लायमध्ये दोन्ही खांब बसतात. पुढची-मागची पट्टी १५ सेंमी, बाजूच्या १४ सेंमी, उंची १ मीटर ४० सेंमी. उरलेल्या तुकड्यात झाकणं आणि आतले पडदे, म्हणजे आडव्या फळ्या. पडदे हवेतच, दर चार स्पीकरमागे एक. नाहीतर आतली लांब पोकळी १२० हर्ट्झच्या आसपास स्वतःच गुणगुणायला लागते. आत गादीवाल्याकडचा पॉलिस्टर कापूस सैल भरा. आणि एक गोष्ट सुतार हमखास विसरतो : भोकाची आतली कड तिरकी छिलून घ्यायची. तीन इंची स्पीकर १८ मिमी जाड भोकात बसला की मागून त्याचा श्वास कोंडतो.

वायरिंगला घाई नको. चार-चार स्पीकर सिरीजमध्ये जोडायचे, म्हणजे ३२ ओहम. अशा चार लडी पॅरलल, की पुन्हा ८ ओहम. पहिली लड १, ५, ९, १३ नंबरची, दुसरी २, ६, १०, १४, असं विखरून घ्या. उद्या एक कॉइल जळली तर अख्खी लड मुकी होते, पण खांबाच्या पोटात एकाच जागी खिंडार पडत नाही. पडद्यातून वायर नेलेली भोकं सिलिकॉनने बुजवा. मशीनला जोडण्याआधी मीटर लावा. ६-७ ओहम दिसले तर बरोबर, डीसीवर मीटर ८ दाखवत नाही. अर्ध्या ओहमच्या आसपास दिसलं तर सगळे पॅरलल झालेत. मशीनच्या जवळसुद्धा जाऊ नका.

प्लस-मायनसच्या खुणेवर विश्वास नको. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला पाहिजे. सोळा वेळा करा, कंटाळा करू नका. एक उलटा लागला तर तो स्वतः वाया जातोच, एका सुलट्यालाही खातो. असे खांब दुकानात येतात, ‘काका, स्पीकरमध्ये दम नाही’ म्हणत. दम असतो की ओ, दोघं एकमेकांशी भांडत असतात.

पखवाजाची थाप या छोट्या कोनांकडून मागू नका. क्रॉसओव्हरने (जाड आणि बारीक सूर वेगळे करणाऱ्या पेटीने) दीडशे हर्ट्झच्या खालचं सगळं तोडा आणि ते तुमच्या जुन्या बारा इंचीला द्या. ते डबे विकू नका म्हणून सांगतोय. त्यासाठी आणखी एक छोटं मशीन लागेल. कुणाचं पडून असेल तर मागून घ्या.

उभं करताना खांब सरळ, तळ जमिनीपासून दीड फुटावर. जाजमावर बसलेल्याचा कान पावणेतीन फुटांच्या आतबाहेर असतो, तो खांबाच्या उंचीत येतो, उभा माणूसही येतो. हौसेने दहा फुटी स्टँडवर चढवलात तर झोत सगळ्यांच्या डोक्यावरून जाईल. माईक खांबांच्या मागे ठेवा. आडवा पसारा याचा भरपूर असतो, माईकला शिट्टी मारायला बाजूचा आवाजही पुरतो.

प्रश्न : बार्शीहून लिहितोय. मिरवणुकीसाठी मोठ्या डीजेसारखे लटकते लाइन ॲरे, आठ बॉक्स, लोकल सुताराकडून करून घ्यायचेत. नकाशा द्याल का?

उत्तर : नाही देणार. ते बॉक्स दिसतात लाकडाचे, पण किंमत असते आतल्या वेव्हगाइडची, म्हणजे आवाजाला नेमकी वाट देणाऱ्या भागाची. १९९२ साली ख्रिश्चन हाइल आणि मार्सेल उर्बान या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी हे गणित मांडलं : वरच्या सुरांत बॉक्समागून बॉक्स एकच सलग पट्टी वाटली पाहिजे, मधल्या फटी फार चालत नाहीत. सुताराच्या हॉर्नला ते जमत नाही. मग आठ बॉक्स लटकवून आठ वेगळे झोत मिळतात. त्याहून मोठी गोष्ट, घरगुती हुकावर एवढं वजन माणसांच्या डोक्यावर टांगायचं नसतं. आणि रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी सुताराने केलेल्या बॉक्सलाही लागू आहेच.

प्रश्न : छोट्या स्पीकरच्या खांबात वरून एक चांगला ट्विटर (फक्त बारीक सुरांचा स्पीकर) घातला तर?

उत्तर : जवळ बसून ऐकाल तेव्हा झकास वाटेल. पण एकटा ट्विटर अंतर दुप्पट झालं की ६ ने पडतो आणि रांग ३ ने. पुढच्या रांगेत झांज टोचेल, मागे गायब. घालायचे तर ट्विटरचीही पूर्ण रांग घाला, नाहीतर घालू नका आणि इक्वलायझरवर वरचे सूर थोडे उचला. लांब रांगेत ते आपापसांत कापले जाऊन दबतातच, तेवढे भरून काढायचे. उचलताना खांबाला नाक लावून ऐकू नका. मंडपाच्या मधोमध जाजमावर बसा, एकाला मशीनपाशी उभा करा, आणि कुणाला तरी नुसतं वर्तमानपत्र वाचायला सांगा.