राक्षसालाही भूक लागू दे
अरे भावा, तुझ्या गेमचा डेमो खेळलो, मस्तय, पण राक्षस सगळे काळेकुट्ट, जाड ओठांचे आणि हिरो तेवढा गोरापान, हे काय रे? आपण नाशिकचे ना, पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाला हे नाव पडलं म्हणतात, एकदा तिच्या बाजूने पण बघ की. २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ या गेममध्ये ऑर्कना (तिथले राक्षसच म्हण) थ्रॉलसारखा समजूतदार नेता मिळाला आणि ते नुसते मारायचे पुतळे राहिले नाहीत. तू लांबलचक भाषणं टाकू नको (मी टाकलेली, सगळ्यांनी स्किप केली), फक्त एक राक्षस पहारेकरी तुटलेल्या चपलेचा अंगठा शिवत बसलाय, दुसरा त्याला अर्धी भाकरी देतोय एवढं दाखव आणि मगच प्लेयरच्या हातात तलवार दे. रंगांचं मात्र आजच बघ.